पान्यांची दुसरी पेटी

नंदकिशोर तांबेच्या वडिलांनी, गंगारामांनी, परळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं हेल्परची नोकरी केली. फिटर मशीनखाली आडवा झाला की तो नुसता हात बाहेर काढायचा, आणि त्या हातात हवा तो पाना ठेवायचा, हे हेल्परचं काम. कोणत्या नटाला किती नंबरचा पाना लागेल, ते गंगारामांना लांबून बघूनच कळायचं. पण नट फिरवायला त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. त्यांच्या मागून लागलेली, त्यांच्याकडूनच पाने ओळखायला शिकलेली पोरं फिटर झाली. गंगाराम मात्र हेल्पर लागले आणि हेल्पर म्हणूनच रिटायर झाले. असं का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर बोलणं मात्र होत नसे.

नंदकिशोर बी. कॉम. झाला आणि रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर क्लार्क म्हणून लागला. एकोणऐंशी साली त्याला वाशीत दोन खोल्यांचं नवं घर मिळालं. गंगाराम ते बघायला एकदाच आले. चुन्याचा वास अजून जायचा होता. भिंतीवरून हात फिरवत ते म्हणाले, "हितं खिळा मारायचा तर कुनाला विचारायला नको." त्यानंतर तीन महिन्यांनी ते गेले.

नंदकिशोरने त्याच महिन्यात पहिली हातोडी घेतली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली आणि तिच्या शेजारी वडिलांचा फोटो. दोन्ही खिळे सरळ बसले. इथवर सगळं ठीक होतं. पण मग त्याला नाद लागला.

दर शनिवारी कंपनी सुटली की तो पूल ओलांडून मुंबईत जाई आणि फुटपाथवर मांडलेल्या हत्यारांपुढे उकिडवा बसे. करवत आणली, रंधा आणला, पक्कड तर तीन प्रकारच्या आणल्या. जुनं विजेचं ड्रिल मशीन आणलं आणि फळी लावण्यासाठी भिंतीला जे भोक पाडलं, ते शेजारच्या वेणूबाईंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या कॅलेंडरमधून बाहेर निघालं. नळ गळत होता म्हणून एक भलामोठा पाइप पाना आणला आणि नळ इतका आवळला की पाइपच तडकला. अख्ख्या जिन्याला एक दिवस पाणी नव्हतं. सोसायटीत त्याला कुणी इंजिनियरसाहेब म्हणू लागलं. तो ओशाळा हसायचा. जयमाला, त्याची बायको, तर पोट धरून हसायची. रंध्याचं पातं पहिल्याच लाकडात दुमडलं तेव्हा तिने त्या रंध्याखाली शाळेच्या वह्या दाबून ठेवायला सुरुवात केली. वजनाला बरा आहे म्हणाली.

जयमाला तुर्भ्याच्या बाजूला एका शाळेत शिकवायची. फळ्यावरचं तिचं अक्षर असं, की इन्स्पेक्टर आले की हेडमास्तर त्यांना आधी तिच्या वर्गात नेत. नंदकिशोरवर तिचा जीव होता. बापाच्या हाताला जे मिळालं नाही ते हा आपल्या हाताला मिळवून देतोय, हे तिला कधीच उमगलं होतं. म्हणून घरात हत्यारांची अडगळ साचत गेली तरी तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

एक्क्याऐंशी साली त्याने जुनी मोटरसायकल घेतली. बसगाड्या तेव्हा मोजक्याच, आणि दोघांच्या वाटाही एकाच रस्त्याने. सकाळी चार वर्षांच्या अरुणाला वेणूबाईंकडे ठेवून दोघं निघायची. तुर्भ्याला रस्त्याकडेला दत्तूची शेड होती. हा तिथल्या गावचाच माणूस, घरची भातशेती नव्या शहरात गेली तेव्हापासून गाड्यांचं काम करायचा. गाडीची दुरुस्ती त्याच्याच हातून होई. पण नंदकिशोरला दत्तूच्या शेडबाहेर नुसतं उभं राहणं सोसायचं नाही. त्याला स्वतः गाडीखाली जायचं होतं.

त्या हिवाळ्यात त्याने फुटपाथवरून पान्यांची पेटी आणली. लाल पत्र्याची, आत चौदा पाने ओळीने, आरशासारखे चकचकीत. दत्तूला दाखवायला नेली. दत्तूने त्यातला एक पाना उचलला, हातात जोखला, फरशीवर आपटून कान दिला.

"साहेब, यो माल कच्चा हाय," तो म्हणाला. "वरून पालिश, आत काय नाय. जोर लावला का तोंड फाकंल, आन् नट खाईल. चाकाला नका लावू."

नंदकिशोरला ते लागलं. मेकॅनिक आपलं गिऱ्हाईक कशाला सोडेल, असं त्याने घरी येऊन जयमालाला सांगितलं.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवार होता. ठाण्याला जयमालाच्या मैत्रिणीच्या मुलाचं बारसं होतं, आणि सकाळी बघतात तर मागचं चाक बसलेलं. नंदकिशोरने लाल पेटी काढली. जिन्याखाली गोणपाट अंथरून चाक काढलं, ट्यूब बदलली, चाक परत चढवलं. दोन तास लागले, पण काम पहिल्यांदाच शेवटापर्यंत त्याच्या हातून झालं होतं. शेवटचा नट आवळताना पाना दोनदा सटकला. आता हा याहून फिरायचा नाही, म्हणजे घट्ट झाला, असं त्याने धरलं. घामेजून वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता, की जयमालाला विचारणं जिवावर आलं. तरी तिने विचारलं. चाक नीट बसलंय ना, जाताजाता दत्तूला दाखवून घेऊ या का, वाटेवरच तर आहे.

"माझ्या हातावर एवढाही भरवसा नाही का तुझा?" तो म्हणाला.

तिने पदर खोचला आणि मागे बसली. दत्तूची शेड आली तशी मागे गेली.

रबाळ्याच्या पुढे, सरळ रस्त्यावर, चाक जागेवरून सरकलं. साखळी उतरून अडकली आणि मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी झाली. नंदकिशोरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. जयमाला उजव्या हातावर खडीत पडली. ओरडलीसुद्धा नाही. उठून बसली आणि कोपराकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. एका टेम्पोवाल्याने दोघांना दवाखान्यात पोचवलं.

कोपराच्या हाडाचा चुरा झाला होता. दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण वाकायचा तो थोडासाच, आणि खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, याहून जास्त आशा धरू नका.

तिचा भाऊ सुधीर गावाहून धावत आला. काय झालं, कसं झालं, असं त्याने विचारलं तेव्हा नंदकिशोर तोंड उघडणार होता. त्याच्या आधी जयमालाच म्हणाली की कुत्रं आडवं आलं. पुढे शाळेतल्या बाईंना, वेणूबाईंना, सगळ्यांना तिने तेच सांगितलं. कुत्र्याचा रंगही सांगितला. नंदकिशोर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत असे. गाडी दत्तूने उचलून नेली होती. नंदकिशोर तिकडे गेला तेव्हा दत्तूने तो नट त्याच्या तळहातावर ठेवला. सगळे कोपरे जाऊन नट गोल झाला होता. दत्तूने मान वळवली आणि दुसऱ्या गाडीचं काम करू लागला.

घरी आल्यावर जयमालाने डाव्या हाताने लिहायला घेतलं. वहीत जमू लागलं, फळ्यावर जमेना. पहिलीतली मुलंही हसली, असं तिने सांगितलं आणि स्वतः हसली. केस विंचरायला वेणूबाई येत. भाकरी नंदकिशोर थापायचा, पोळ्या लाटायचा, अरुणाला न्हाऊ घालायचा. कोणत्याही कामाला तो मागे सरला नाही. पण जयमालाशी त्या दिवसाबद्दल बोलायचं म्हटलं की त्याची जीभ उचलेना. तीही विषय काढत नव्हती. माफ केलंय म्हणून गप्प असेल, असं त्याने मनाशी ठरवलं, कारण तसं ठरवल्याशिवाय त्याला सकाळी उठवत नव्हतं.

असं वर्ष गेलं. आणि मग त्याने ती पेटी आणली.

ही पेटी फुटपाथवरची नव्हती. लोहार चाळीतल्या जुन्या दुकानातून, चार जाणत्यांना विचारून, एकेक पाना फरशीवर आपटून, आवाज ऐकून घेतलेली. काळी, जड. उद्घाटनाला आणावी तशी त्याने ती दोन्ही हातांनी आणली आणि जयमालापुढे जमिनीवर ठेवून उघडली. ती डाव्या हाताने तांदूळ निवडत होती.

"हा अस्सल माल आहे," तो म्हणाला. "दत्तूलाही दाखवला. हा कधी तोंड फाकणार नाही. आता तसं परत होणार नाही, जयमाला."

तिने पान्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. सूप बाजूला ठेवलं.

"तुम्हाला वाटतं, पान्यामुळे झालं?"

"पाना कच्चाच होता ना. दत्तूने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक आहे माझी."

"मी पण सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलं तुम्हाला. घट्ट झालंय का, ते तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं म्हणाला असता तर मी बसले नसते, किंवा बसलेही असते. पण तुम्ही मला गप्प केलंत. वर्षभर वाट बघितली मी, की तुम्ही कधीतरी ते म्हणाल. आणि तुम्ही पाने बदलून आणलेत."

नंदकिशोर तिच्यापुढे मांडी घालून बसला होता. काय बोलावं ते त्याला आत्ता कळलं, सगळंच्या सगळं, शब्दन् शब्द. त्याने बोलायला सुरुवातही केली. माझं चुकलं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मला फक्त एकदा वाटलं होतं की आपल्या हातून काहीतरी झालं. ती ऐकत होती. ऐकून तिने मान हलवली आणि त्याच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला.

"मला राग नाही हो," ती म्हणाली. "पण तुम्ही नुसता बल्ब बदलायला स्टुलावर चढलात तरी मला धास्ती वाटते. अरुणाला तुम्ही उचललंत तरी वाटते. मी खूप समजावते स्वतःला. जात नाही."

तिने आईच्या गावाजवळ, खेडच्या बाजूला, शाळेत जागा बघायला सुधीरला सांगितलं. पहिली-दुसरीच्या वर्गाला बोर्डावर लिहून द्यायला तिथे दुसऱ्या एक बाई होत्या. जून महिन्यात ती अरुणाला घेऊन गेली. भांडण झालं नाही. सोडचिठ्ठीचा तर विषयही निघाला नाही. हाताला तिकडची हवा मानवेल, असं तिने सोसायटीत सांगितलं आणि लोकांनी ते मानलं. जाताना तिने त्याच्यासाठी महिनाभराचं तिखट आणि मेतकूट करून ठेवलं. एका हाताने, बसून, दोन दिवस.

नंदकिशोरने मोटरसायकल दत्तूला देऊन टाकली. काळी पेटी दत्तूने घेतली नाही. मला कशाला, माझे हायत, म्हणाला. ती पलंगाखाली राहिली. नळ गळू लागला तर तो खाली बादली ठेवी, आणि प्लंबर आला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसे.

महिन्यातून एकदा तो शनिवारी एस.टी.ने खेडला जाई. शहाऐंशीच्या डिसेंबरात असाच गेला होता. रविवारी दुपारी सासूबाईंनी, बयाबाईंनी, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर तो पडवीत बसला. अरुणा नऊ वर्षांची झाली होती, पाढे म्हणून दाखवत होती. तेवढ्यात बयाबाई आतून आल्या आणि दाराची कडी निखळली म्हणून सांगू लागल्या. एक स्क्रू पडला होता, दुसरा लोंबत होता. पाच मिनिटांचं काम. नंदकिशोरने बघितलं. भोक मोठं झालं होतं, त्यात लाकडाची पाचर घालून स्क्रू फिरवला की बसणार होता. हे त्याला येत होतं. हे अगदी नक्की येत होतं.

तो उठला नाही. जयमालाकडे बघितलं.

जयमालानेही कडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि क्षणभर त्याला वाटलं ती म्हणेल. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने नजर खाली वळवली.

"अरुणा," ती म्हणाली, "जा, बाजीराव सुताराला बोलावून आण. म्हणावं, कडी बसवायची आहे."

अरुणा पळत गेली. बयाबाई आत गेल्या. बाजीराव आला, म्हातारा, कानात बिडी खोचलेली. नंदकिशोर दाराजवळच बसला होता. त्याने पाय आखडून घेतले आणि म्हाताऱ्याला वाट दिली. बाजीरावाने पाचर तासली, भोकात ठोकली, स्क्रू फिरवला. कडी लावून पाहिली, काढून पाहिली. जयमालाने त्याला चहा दिला, आणि दुसरा कप आणून नंदकिशोरच्या हातात दिला. त्यात साखर त्याला लागते तेवढीच होती.

साडेतीनची एस.टी. होती. निघताना तिने विचारलं, पुढच्या महिन्यात याल ना. तो हो म्हणाला. अरुणा फाट्यापर्यंत सोडायला आली, गाडी सुटेपर्यंत थांबली, आणि खिडकीखाली उभी राहून राहिलेला सतराचा पाढा तिने पूर्ण म्हणून दाखवला.