एलंडनं शिकवलेलं

येवल्याचा वसीम खाटीक चार वर्षं नामिबियात होता. तिथल्या एका अफाट कुरणावर परवान्यानं शिकार चाले. मारलेलं जनावर सोलायचं, मांस तोडायचं, टांगायचं, असं त्याचं काम. बापजाद्यांपासून बोकडं कापणाऱ्या घरातला माणूस. सुरी त्याच्या हाताला नवी नव्हती. नवीन होतं ते जनावर.

एलंड म्हणतात त्याला. दिसायला आपल्या नीलगाईच्या नात्यातलं, पण नर म्हणाल तर खिलारी बैलाच्या दीडपट. गळ्याखाली कातडीची लोंबती पोळी, पिळदार सरळ शिंगं. आणि चालताना पुढच्या पायांतून टक्-टक् आवाज. झुडपाआडचा एलंड दिसायच्या आधी ऐकू यायचा.

हे सगळं वसीमला दाखवलं ते माग काढणाऱ्या म्हाताऱ्यानं. त्याला सगळे ओपा म्हणत, म्हणजे आजोबा. ओपाची भाषा वसीमला अर्धीच कळे, उरलेलं हातवाऱ्यांनी भागे.

एकदा एका पाहुण्या शिकाऱ्याची गोळी चुकीच्या जागी लागली आणि जखमी नर झाडीत शिरला. शिकारी त्याच्या मागे गाडी घालायला निघाला. ओपा गाडीसमोर आडवा उभा राहिला.

"बसा," तो म्हणाला. "सगळे बसा."

भर उन्हात सगळे एका काटेरी झाडाखाली बसून राहिले. ओपानं वसीमला समजावलं, "हा प्राणी धष्टपुष्ट आहे, पण लांब पळायला बनलेला नाही. दिवसभर अंगात ऊन साठवतो आणि रात्री गार करतो. म्हणूनच त्याला पाणी कमी पुरतं. पळवलास तर ती आग बाहेर पडायला वाटच नाही. आपण मागे आहोत असं वाटलं नाही, तर तो जवळच बसेल."

अर्ध्या तासानं ते उठले. नर दोनशे पावलांवर एका सावलीत बसलेला होता. दुसऱ्या गोळीत संपला. ओपा गुडघ्यावर बसला, त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. वसीमनंही मनात बिस्मिल्ला म्हटलं.

त्याच वर्षी दुसऱ्या कुरणावर न्यायला एक मादी गाडीनं पळवून पकडली. पकडली तेव्हा ठणठणीत होती, तिसऱ्या दिवशी मेली. ओपानं तिची मांडी चिरून दाखवली. लाल मांसात पांढरे पट्टे, जणू उकळत्या पाण्यात घातलं होतं. "गोळीनं नाही," तो म्हणाला, "भीतीनं आणि पळण्यानं शिजली." वसीमनं आयुष्यात हजारो जनावरं उघडली होती, असं मांस त्यानं पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी तो कायमचा परत आला. एप्रिलमधल्या एका सकाळी बोकडं बघायला मालनबाई ठोंबरेंच्या वस्तीवर गेला. येवल्याच्या पूर्वेकडच्या त्या माळावर हरणांचे कळप नेहमीचेच. वस्तीवर पोहोचला तर शेततळ्याच्या बांधावर गर्दी.

"वसीमभाऊ, बरं झालं आलास!" मालनबाई ओरडल्या. "कुत्र्यांनी हरीण पळवलं, ते तळ्यात पडलं. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतोय, वर येतच नाय."

पाणी कमरेएवढंच होतं, पण प्लास्टिकवर खुरांना धर मिळत नव्हता. मादी होती, एका कानाला जुनी चीर. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे धडपडत होती; तोंड उघडं, जीभ बाहेर. दोन पोरं दोर घेऊन उतरायच्या तयारीत, बाकीचे आरडाओरडा करत मोबाइलवर शूटिंग करत होते.

वसीमच्या डोळ्यांसमोर ते पांढरे पट्टे आले.

"थांबा! दोर टाका खाली," तो म्हणाला. "मावशी, आधी कुत्री बांधा. सगळे बांधामागं बसा. कोणी बोलू नका."

"अरे, बुडंल ना ती!"

"बुडणार नाही मावशी. पळवली तर मरेल. आज नाही मेली तर परवा मरेल."

त्याच्या आवाजात असं काही होतं की लोक खरंच बसले. वसीमनं वनखात्याला फोन लावला. मग कांद्याची रिकामी बारदानं मागवली, एकाला एक दोरीनं जोडून काठावरून पाण्यात सोडली. स्वतः लांबच्या काठानं उतरला आणि तिच्याकडे न बघता, तिरका, इंच इंच पुढं सरकत राहिला. हरणी मागं हटत हटत बारदानांपाशी आली. खुरांना धर लागला. ती वर चढली आणि काठावर कोसळली.

वसीम पळाला नाही. हळूच जाऊन त्यानं खांद्यावरचा पंचा तिच्या डोळ्यांवर टाकला. कुशीवर पडलेल्या हरणीला छातीवर बसतं केलं, मान उंच धरली. रवंथ करणारं जनावर आडवं राहिलं की पोट फुगतं, हे तर त्याला पहिल्यापासूनच माहीत होतं. मालनबाईंनी न सांगताच लुगड्याची सावली धरली.

वनरक्षक सविता आहेर आल्या तेव्हा वस्तीवर चिमणीचाही आवाज ऐकू येत होता. त्यांनी फोनवरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. "तसंच धरून ठेवा म्हणतात," त्या कुजबुजल्या. "श्वास शांत होऊ द्या."

वसीमच्या तळहाताखाली तिचं काळीज आधी धडधडत होतं, मग टप टप करू लागलं. पाऊण तासानं तिनं पाय गोळा केले. त्यानं पंचा काढला. ती उठली, क्षणभर डगमगली आणि चालत, उडी न मारता, माळाकडे निघून गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वसीम मात्र खुश नव्हता. "तीन दिवस बघावं लागेल," तो सविताताईंना म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. कानाला चीर असलेली ती मादी कळपात चरताना दिसली होती. वसीम दुकानाच्या पायरीवर बसला. बायको नूरबानो घाबरून बाहेर आली.

"काय झालं?"

"जगली ती."

नूरबानोनं त्याच्याकडे पाहिलं. "मग आता धंदा सोडणार की काय?"

"नाही गं." तो हसला, पण डोळे भरले होते. "पण ज्या जनावरांच्या पोटात हात घालून मी शिकलो, त्यांचं देणं कसं मानायचं तेच कळत नाही. ओपाचे आभार तरी मानता येतील. त्या एलंडांचे कसे मानू?"

 नूरबानो शेजारी बसली. तिनं म्हटलं, "चल, नमाजाची वेळ झाली. तिथंच मान."