पोटातला रोल

मित्रांनो, मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. म्हातारी यंत्रं गोड गोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज काढून टाका. इतकी वर्षं कपाटात तोंड दाबून बसवल्यावर कोण गोड बोलेल?

माझा जन्म कुठल्या देशातला, ते माझ्या बुडाशी लिहिलं होतं. ती अक्षरं कधीच घासून गेली. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मामाने मला आणून भाच्याच्या हातात ठेवलं, तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. हा भाचा म्हणजे विश्राम, ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोतला तरुण मेकॅनिक. दिवसभर गाडीखाली उताणा पडून नटबोल्ट आवळायचा, आणि सुट्टी झाली की साबणाने हात खसाखसा चोळून मला गळ्यात घालायचा. मासुंदा तलावावरचा भेळवाला, दुर्गाडीच्या जत्रेतला पाळणा, स्टिअरिंगवर डोकं टेकून पेंगणारा ड्रायव्हर, आम्ही कुणाला सोडलं नाही. त्या ड्रायव्हरचा फोटो कँटीनमध्ये लागला, तेव्हा लोक हातातला चहा ठेवून बघायला आले. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

रोल तो घरीच धुवायचा, न्हाणीघरात. खिडकीवर गोधडी, दाराच्या फटीत फडकी, आणि बाहेर पहाऱ्याला त्याची नवी नवरी जया. "दार उघडू नकोस हं! उजेड लागला तर रोल जळेल!" असं तो आतून इतक्या वेळा ओरडायचा की चाळीतले लोक हसायचे. जयाला ते वाक्य पाठ झालं होतं.

मग मुलगा झाला. बारशाला विश्रामची आई, गंगुबाई, कोकणातून आली. परत निघाली त्या दिवशी डेपोत कणकवलीच्या गाडीची वाट बघत आपल्या बोचक्यावर बसली होती. तेवढ्यात विश्राम दुसऱ्या एका गाडीखालून सरपटत बाहेर आला, नाकाला ही एवढी ग्रीस. "अरे, नाकाक काय लावन घेतलंस रे?" म्हणून गंगुबाई जी हसायला लागली, ती थांबेचना. विश्रामने तिच्याजवळ ठेवलेल्या मला तशाच काळ्या हातांनी उचललं आणि बटण दाबलं.

त्या काळी एक रीत होती. रोल पूर्ण संपल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. अर्धवट रोल धुवायला काढणं म्हणजे उधळपट्टी. "संपला की धुऊ," म्हणत विश्रामने मला कपाटात ठेवलं. पुढे ओव्हरटाइम, मुलाची शाळा, आणि तो रोल काही संपला नाही. दुसऱ्याच वर्षी गावाहून आई गेल्याची बातमी आली.

भिंतीवर तिचा फोटो लागला. कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा आंबट. दर श्राद्धाला विश्राम त्याच्यासमोर कुरकुरायचा, "सगळ्या डेपोचे फोटो काढले मी, आणि आईचा एक धड फोटो नाही. काढला होता गं एक. तो रोल घर बदलताना हरवला." मी त्याच भिंतीला लागून असलेल्या कपाटात! अरे हरवला नाही, माझ्या पोटात आहे! माझ्या डोक्यावरचा, काढलेले फोटो मोजणारा आकडा बघ ना, शून्यावर नाहीये तो! पण माझं ऐकतंय कोण?

बरं, मला विसरले होते म्हणावं, तर तेही नाही. दर दसऱ्याला मला बाहेर काढायचे, विश्रामच्या पान्यांशेजारी मांडायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, आणि नमस्कार करून परत कपाटात. बटणाच्या फटीत कुंकू जाऊन बसलं. देव केलात रे माझा! देवाला निदान गाऱ्हाणं तरी घालतात, मला तेही नाही.

विश्राम रिटायर होऊन कल्याणला राहायला आला. यंदा कुठल्याशा ज्येष्ठ नागरिक संघाचं फोटोप्रदर्शन बघून आला आणि पेटलाच. आधी मोबाइलवर शंभर फोटो काढले, एकही मनासारखा नाही. "ह्यात काही राम नाही," म्हणाला, आणि नवा रोल घेऊन आला. दसऱ्याला फूल ठेवायच्या आधीच त्याने मला उचललं. मी कसा सुखावलो म्हणून सांगू! पण मेकॅनिकची खोड वाईट. आधी झाकण उघडायचं, मग विचार करायचा. भर दुपारी, बाल्कनीतल्या लख्ख उन्हात, त्याने माझी पाठ उघडली.

अरे गाढवा! आधी रोल गुंडाळ! ती कडी फिरव!

"अगं, आत रोल आहे," विश्राम आ वासून बघत राहिला.

जया हातातली पळी टाकून धावली. "मिटा ते! उजेड लागला तर रोल जळेल!" तिने फाटकन माझी पाठ बंद केली.

मग विश्रामला आठवलं. नाकावरची ग्रीस, बोचकं, सगळं. तो तिथेच खाली बसला. "माझ्या हातानेच जाळलं मी तिला," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला. मला त्याचा राग आला होता, तरी गलबलून आलं.

तरीही त्याने रोल गुंडाळून ठाण्याला एका जुन्या लॅबमध्ये दिला. बाकीचे सगळे फोटो पांढरेफटक. गुंडाळीत सगळ्यात आत असलेल्या एकात मात्र डावीकडून उजेड घुसला होता आणि तिथेच थांबला होता. उजवीकडे गंगुबाई, एक डोळा, एक गाल, पदराचं टोक आणि अर्धं हसू.

विश्रामने फोटोतल्या त्या एका गालावरून बोट फिरवलं. "अर्धीच राहिली गं."

"अर्ध्या का होईना, हसतायत ना," जया म्हणाली, आणि तिने भिंतीवरचा आंबट फोटो स्वतः उतरवला. मग पदर नीट करून खुर्चीत बसली. "आता माझा काढा. अख्खा. आणि आत्ता."

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला फुलं वाहू नका. हातात घ्या, चालवा, आणि त्याच्या पोटात काय राहिलंय ते वेळेवर बघा. उघडायच्या आधी विचारही करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

जयाचा फोटो निघाला. माझ्यात भरलेला नवा रोल अजून निम्म्याहून जास्त कोरा होता. विश्रामने तो तसाच गुंडाळला आणि त्याच संध्याकाळी धुवायला नेला.