लोलकाची ओळखपरेड

सोफ्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे माणसं सतरंज्यांवर उताणी पडून धापा टाकत होती, आणि त्यांत माझा नवराही होता. तो पोलिसांत खुनाचा तपास करतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिथे उभ्या उभ्या माझा जीव का वरखाली होत होता ते कळेल.

"जोरात घ्या, जोरात सोडा," फुंकरबाबा माइकवरून सांगत होते. "प्रकाश आत, अंधार बाहेर. थांबायचं नाही. मन म्हणेल पुरे झालं, त्याचं ऐकू नका. मनाचं ऐकून आजवर कोणाचं भलं झालंय?"

मनाचं ऐकून मी फिजिओथेरपी शिकले आणि माझं बरं चाललं आहे, पण 'साहेबांची बायको' म्हणून मला आत सोडलं होतं, तेव्हा गप्प भिंतीला टेकून राहिले. पडदे ओढलेले, कुठूनतरी बासरी, आणि दीडशे माणसांचा श्वास. थोड्या वेळाने एका कोपऱ्यातून हुंदका आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून कोणीतरी "दिसलं, दिसलं" म्हणायला लागलं. मग एकेकाची बोटं वाकडी होऊन तळहाताकडे वळायला लागली. "शक्ती आली," बाबा म्हणाले, "आता शांत व्हा." ते सतरंज्यांमधून फिरू लागले, एकेकाच्या कपाळावर फुंकर घालू लागले, आणि खरोखरच, ज्याच्यावर फुंकर पडे त्याची बोटं हळूहळू सुटत. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. अर्थात ज्यांची वाकडी झाली नव्हती त्यांनी.

माझा नवरा उठून बसला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता.

"अगं, आई दिसली," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून हसली."

सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि शेवटच्या क्षणी तो एका खुनाच्या जागेवर मोजपट्टी घेऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मला भरून आलं. मी त्याचा हात धरून त्याला जिन्यावरून खाली आणलं.

आता हा माणूस मुळात कसा, ते ऐका. ठाण्यात त्याला 'चिमटासाहेब' म्हणतात, कारण तो कुठल्याही वस्तूला हात लावत नाही, चिमट्याने उचलतो. घरात साखर सांडली तरी आधी तिच्याभोवती फिरून बघतो. त्याचा सगळ्यात मोठा हट्ट ओळखपरेडीचा. संशयिताला त्याच्यासारख्याच सात-आठ माणसांत उभं करायचं आणि साक्षीदाराला ओळखायला सांगायचं, ती ओळखपरेड. ज्या पोलिसाला संशयित माहीत आहे त्याला हा त्या खोलीत पाऊल ठेवू देत नसे, स्वतःही जात नसे. "अगं, आपली नजर त्या माणसावर जराशी रेंगाळली तरी साक्षीदार तिकडेच बोट करतो," तो मला समजावून सांगायचा. "आणि त्याला वाटतं, आपणच ओळखलं. तो खोटं बोलत नसतो, हीच तर पंचाईत."

असा माणूस त्या सतरंजीवर पोचला तो चष्मेवाल्याच्या खुनामुळे. बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक दुकानातच मरून पडलेला सापडला. आरशाचा लोखंडी स्टँड डोक्यात घातला होता. प्रेत आधी पाहिलं इमारतीच्या मालकाने, तो वरच्याच मजल्यावर राहतो. त्यानेच जबाब दिला, त्यानेच पोलिसांना चहा पाजला, आणि त्यानेच माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून म्हटलं, "साहेब, तुम्हाला झोप नाही. एकदा आमच्या बाबांकडे चला."

बाबांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "मला काच दिसते. पुष्कळ काच. आणि हात आतलाच आहे."

चष्म्याच्या दुकानात काच दिसायला दिव्यदृष्टी लागत नाही, मला तर चष्मा न लावताही दिसते. पण नवऱ्याच्या अंगावर काटा आला. बाबांनी त्याला काळ्या दोऱ्याला बांधलेला एक पितळी लोलक दिला. "हा खोटं बोलत नाही. संशयितांच्या फोटोंवर धर. निर्दोष असेल तर स्तब्ध राहील, अपराध्यावर फिरेल."

आणि लोलक फिरला. दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या कारागिराच्या फोटोवर गोल गोल फिरला. दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची. सगळे त्याला काचवालाच म्हणत. झालं, काचवाला कोठडीत गेला. पेपरात 'अंतर्दृष्टीने लावला खुनाचा छडा' असं छापून आलं, बाबांच्या हॉलमध्ये चपला ठेवायला जागा उरली नाही, आणि आमच्या वरिष्ठ साहेबांनी हरवलेला कुत्रा शोधायला तो लोलक दोन दिवस घरी नेला. कुत्रा आपणहून परत आला, त्याचंही श्रेय लोलकालाच मिळालं.

घरी मी कुरकुर केली की नवरा शांतपणे हसायचा. हे त्याचं नवीन हसू मला अजिबात आवडत नव्हतं. पूर्वी तो भांडायचा तरी.

काचवाल्याची बायको माझ्याकडे गुडघ्यासाठी येते. त्या दिवशी ती टेबलावर बसली आणि पाय पुढे करायचंच विसरली.

"ताई, हे उद्या कबूल करणार आहेत," ती म्हणाली. "न्यायाधीशांसमोर."

"म्हणजे त्यांनी खरंच..."

"मला काय माहीत. त्यांनाही माहीत नाही." तिने पदराशी चाळा करावा तसा माझ्या टॉवेलच्या टोकाशी चाळा चालवला होता. "साहेबांनी यांच्यासमोर तो लोलक धरला. दर वेळी यांच्याच फोटोवर फिरला. हे म्हणतात, साहेब सरळ माणूस आहे, आपल्यावर हातसुद्धा उगारला नाही, तो कशाला खोटं करील. माझ्याच हातून झालं असणार, मला आठवत नाही एवढंच. मालक गेल्याचं कळलं तेव्हा हे जेवले नव्हते, नुसते रडत होते. आता म्हणतात, ते रडणं पश्चात्तापाचं असेल."

मला राग आला, तो बाबाचा आलाच, पण त्याहून जास्त माझ्या नवऱ्याचा आला. केल्याचं आठवतही नसलेल्या खुनासाठी एक माणूस जन्मभर तुरुंगात जायला निघाला होता, तेही माझ्या नवऱ्याच्या सरळपणावर विश्वास ठेवून. मी तिला म्हटलं, "गुडघा नंतर बघू," आणि क्लिनिकला कुलूप लावून तडक ठाण्यात गेले.

"लोलक काढ," मी म्हटलं.

"इथे तमाशा नको," नवरा म्हणाला.

"तमाशा नाही. तुझा हा लोलक म्हणजे साक्षीदार आहे ना? मग त्याची ओळखपरेड कधी घेतलीस?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. कितीही शांतपणे हसायला शिकलेला असला तरी हा शब्द आला की तो ऐकणारच होता.

"कुठल्याही साक्षीदाराला तू संशयिताचा फोटो आधी दाखवून मग ओळख म्हणतोस का? लोलक ज्याच्या हातात आहे त्याला तर आधीच सगळं माहीत आहे."

"पण मी हलवत नाही. शपथेवर सांगतो, माझा हात स्थिर असतो."

"माहितेय. तू खोटं बोलत नाहीस, हीच तर पंचाईत."

त्याने टेबलाच्या खणातून लोलक काढला. मी काचवाल्याचा फोटो टेबलावर ठेवला. त्याने दोरा धरला आणि लोलक आधी थरथरला, मग गोल फिरू लागला. इतका ठळक फिरला की दाराशी उभ्या असलेल्या हवालदारबाईंनी मान खाली घातली. खरं सांगते, क्षणभर मलाही तो खरा वाटला.

मग मी तोच दोरा भिंतीवरच्या खिळ्याला टांगला आणि काचवाल्याचा फोटो त्याच्या खाली धरला. आम्ही वाट पाहिली. लोलक जो सरळ लटकून राहिला तो राहिलाच.

"खिळ्याला साधना नाही," नवरा पुटपुटला.

"बरं, साधकच धरू दे. पण नियमाने."

हवालदारबाईंना मी सहा सारखी पाकिटं दिली आणि सहा फोटो. काचवाला, फुंकरबाबा, आमचे वरिष्ठ साहेब, दोन जुने पाकीटमार आणि माझ्या पर्समधल्या फोटोतली आमची मांजर. त्या बाहेर गेल्या, फोटो पाकिटांत घालून पाकिटं पिसली, टेबलावर मांडली आणि स्वतः खोलीबाहेर थांबल्या. आत उरलो आम्ही दोघं, आणि कुठल्या पाकिटात कोण हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

लोलक बराच वेळ नुसता रेंगाळला. मग एका पाकिटावर फिरू लागला. नवऱ्याने सुस्कारा सोडला, पाकीट उघडलं. वरिष्ठ साहेब निघाले.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा पिसली. ह्या वेळी पाकीटमार. "पुन्हा." ह्या वेळी बाबा स्वतः. नवऱ्याच्या कपाळावर आठ्या आल्या होत्या, शर्टाच्या बाह्या वर गेल्या होत्या, आणि कितीतरी दिवसांनी तो माझ्या ओळखीचा दिसत होता. हवालदारबाई आतबाहेर करून दमल्या. एकदा काचवाला निघाला, तेव्हा मीच धास्तावले, पण नवरा म्हणाला, "सहांत एक, कधीतरी निघणारच. पुन्हा." त्यानंतर लोलक मनापासून, मोठमोठे वेढे घेत फिरला, आणि पाकिटातून आमची मांजर बाहेर आली.

नवरा खुर्चीत बसला. हवालदारबाईंना हसू आवरेना, त्या पाणी आणायच्या निमित्ताने गेल्या.

"मग फिरतो कसा?" त्याने विचारलं.

"तू फिरवतोस. बोटांचे स्नायू कधीच पूर्ण स्थिर नसतात, मी रोज बघते. मनात आलं की आता हा फिरणार, की बोटं केसाएवढी हलतात, तुला जाणवत नाही. दोरा लांब, खाली वजन, ते हलणं मोठं होऊन दिसतं. बाबांनी तुझ्या मनात 'आतला माणूस' घातला, आणि तुझ्या बोटांनी तो तुलाच परत सांगितला."

"आणि आई?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तीही नाही?"

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. "जोरजोरात श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे चमकतं, हातांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. श्वास संथ झाला की आपोआप सुटतात, म्हणून बाबा आधी 'शांत व्हा' म्हणतात आणि मग फुंकर घालतात. ते सगळं श्वासाचं आहे. पण आई तुझ्या आठवणीतली आहे, ती बाबाने दिलेली नाही. तिच्यासाठी रडायचं असेल तर घरी रड, मी आहे."

तो रडला, तिथेच, टेबलावर डोकं ठेवून. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "उद्याची कबुली थांबवतो. पहिल्यापासून तपास करतो."

पहिल्यापासून म्हणजे पहिला जबाब, इमारतीच्या मालकाचा. त्याने सांगितलं होतं, 'मी माझ्या खिडकीतून काचवाल्याला दुकानाच्या दारातून घाईने बाहेर पडताना पाहिलं.' लोलक मिळाल्यावर त्या खिडकीशी जाऊन उभं राहायची कोणालाच गरज वाटली नव्हती. आता नवरा गेला. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती, एक पाइप दिसत होता, दुकानाचं दार दिसत नव्हतं. मान कितीही बाहेर काढली तरी दिसत नव्हतं.

मग बाकीचं भराभर उलगडलं. इमारतीच्या मालकाला दुकान रिकामं करून हवं होतं, चष्मेवाला हलत नव्हता, त्यावरून बाचाबाची झाली आणि हाताशी आरशाचा स्टँड होता. स्टँडवरचे ठसे त्याचेच निघाले. बाबांच्या उजव्या हाताला बसणारा हा भक्त, त्यानेच काच आणि आतला हात बाबांच्या कानात घातला होता. ठाण्यात बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मी तर फक्त फुंकर घालतो, लोक काय अर्थ काढतात ते त्यांचं कर्म." दिव्यदृष्टीला शेजारी बसलेला खुनी कसा दिसला नाही, ह्यावर त्यांनी डोळे मिटले.

काचवाला सुटला त्या दिवशी मी गेले होते. त्याची बायको लंगडत धावली. तो मात्र तिच्या बाजूने पुढे होऊन माझ्या नवऱ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मी नाही ना केलं? नक्की?"

"नाही केलंत. नक्की."

"कशावरून?"

नवऱ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "चला, दाखवतो."

आम्ही चौघं त्या इमारतीत गेलो. काचवाला खिडकीशी उभा राहिला, आधी चष्मा लावून, मग पुसून पुन्हा लावून. डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"दार दिसत नाही," तो म्हणाला. आणि मग तो जो रडायला लागला, त्या रडण्याचा अर्थ कोणी कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. माझा नवरा त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

म्हणून म्हणते, कोणी तुमच्या घरच्यावर बोट ठेवलं, कोणी आजार बरा करतो म्हणालं, कोणी मेलेलं माणूस भेटवतो म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, कशावरून? बाबाला विचारा, पोलिसाला विचारा, मलाही विचारा. विचारल्यावर जो चिडेल त्याच्यापासून उठून या, आणि जो तुम्हाला खिडकीशी नेऊन 'तुम्हीच बघा' म्हणेल त्याचं ऐका.