बाविसावा दिवस

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढताना संघप्रिया अडखळली. पडली नाही. आरशासमोर चार दिवस सराव केला होता, त्यात ही पायरी नव्हती, एवढंच.

“आजवर किती वृद्धांची तपासणी केलीत?” धैर्यशीलच्या वकिलांनी विचारलं.

“तीनशेच्या वर.”

आवाज जरा जास्तच खणखणीत लागला. न्यायाधीशांनी मान वर केली. शाहूपुरीतल्या दवाखान्यात तिचं बोलणं रुग्णांच्या घरचे लोकही अर्धवट ऐकत. इथं प्रत्येक वाक्य टाईप होत होतं. मानसशास्त्रज्ञ होऊन अकरा वर्षं झाली, पण तज्ज्ञ म्हणून कोर्टात उभी राहायची ही पहिलीच वेळ. छातीत लग्नघरासारखी गडबड चालली होती.

प्रकरण सरळ होतं. पेठ वडगावच्या शालूबाईंचं डोकं चालत नाही, तेव्हा त्यांच्या दीड एकराचा आणि घराचा कारभार आपल्याकडे द्यावा, असा पुतण्या धैर्यशीलचा अर्ज. तसं झालं, तर शालूबाईंना सांभाळणाऱ्या विधवा सुनेला, रूपालीला, दारात कोण उभं करणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. संघप्रियाच्या तपासणीत शालूबाईंना तिसांपैकी बावीस गुण पडले होते. चोवीसच्या खाली म्हणजे बुद्धीत दोष.

शालूबाईंचे वकील विजयसिंह चष्मा पुसत उठले.

“तारखेला शून्य, महिन्याला शून्य. का हो मॅडम?”

“त्यांनी तारीख सांगितलीच नाही.”

“मग काय सांगितलं?”

संघप्रियाने कागद पाहिला. ती सगळं शब्दशः टिपून ठेवी. त्याचा तिला अभिमान होता.

“‘म्हस व्याल्याला आज बाविसावा दिवस.’”

मागच्या बाकांवर हशा पिकला. तीही थोडी हसली. “असं भरकटणं हे लक्षण असतं,” तिने समजावलं.

विजयसिंहांनी जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला पुढे केला. “रेडकू एकोणीस जूनला झालं. तो पहिला दिवस धरा. मोजा.”

कठड्याआड तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. तिची आई अंबूबाई असंच मोजायची. एकोणीस, वीस, एकवीस... जून संपला. बाविसाव्या पेरावर अंगठा थांबला. दहा जुलै. तपासणीच्या कागदावर, तिच्याच अक्षरात, वरच्या कोपऱ्यात: दहा जुलै.

धैर्यशीलचे वकील जोरात खोकले. त्यांनी आणखी तीन प्रकरणं तिच्याकडे द्यायचं कबूल केलं होतं. तो खोकला त्या तिन्हींचा होता.

“निष्कर्ष कायम आहे का?” विजयसिंहांनी विचारलं.

तिने खिशातलं पेन काढलं.

“मॅडम, कागदाला हात लावू नका,” न्यायाधीश म्हणाले. “तो आता कोर्टाचा. काय ते तोंडानं सांगा.”

“शून्य चुकीचं आहे. दोन्ही. बेरीज चोवीस होते. तारीख त्यांना माहीत होती.” तिने पेन परत खिशात ठेवलं. “माझ्याकडे म्हैस नव्हती.”

टंकलेखक अडला. “शेवटचं घ्यायचं काय, साहेब?”

“घ्या.”

बाहेर व्हरांड्यात धैर्यशीलने तिला गाठलं.

“आमच्या बाजूनं आलतासा न्हवं तुमी?”

“आले होते,” ती म्हणाली, आणि आपण हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. पहिलीच साक्ष, आणि तीही स्वतःच्याच विरुद्ध. तरी कान तापले होते, पाय जमिनीवर ठरत नव्हते. हे सगळं कुणाला तरी ताबडतोब सांगावंसं वाटत होतं.

रूपालीचा हात धरून शालूबाई आल्या.

“लेकी, भ्यालीस व्हय?”

“नाही, आजी.”

“मग थरथरतीस कशापायी?”

“आनंदानं.”

“बरं हाय की!” शालूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. “माझ्यासारकी म्हातारी मानसं लई तपासली असशील न्हवं?”

“तीनशेच्या वर,” संघप्रिया त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरून थांबली. त्यातल्या किती जणांना तारखेला शून्य दिलं होतं?