चोविसांतले एकोणीस

“सदर क्षेत्रातील चोवीस उंचवटे नैसर्गिक असून त्यांना मानवी हात लागल्याचे आढळत नाही. सपाटीकरणास हरकत नाही.”

पुरातत्त्व खात्याच्या अहवालातले हे विधान. खाली वरिष्ठ निरीक्षकांची, म्हणजे माझ्या सख्ख्या मामांची, सही. शेजारी त्यांच्या हाताखालची निरीक्षक म्हणून माझ्या सहीसाठी सोडलेली कोरी जागा. ती भरल्याशिवाय तिथे होऊ घातलेल्या ट्रकतळासाठी बुलडोझर फिरणार नव्हता.

विधान सुबक आहे. उणीव एकच, ते खोटे आहे.

नैसर्गिक टेकाडे आपापल्या मर्जीने लहानमोठी होतात. इथे एक सोडून सगळ्यांचे माथे लगतच्या न खणलेल्या शेताच्या बरोबर पातळीत आहेत. म्हणजे हे उंचवटे उंच झालेलेच नाहीत. भोवतालची जमीन खाली गेली. व्हिक्टोरियाच्या काळात रेल्वेच्या भरावासाठी मजुरांनी इथली माती खणून नेली. किती खोल खणले ते मुकादमाला मोजता यावे, म्हणून मधेमधे मूळ जमिनीचे खांब उभे ठेवले. तो भराव आजही शेजारी पडून आहे. रूळ केव्हाच उखडले गेले.

उरलेला एक खांब इतरांहून वीतभर उंच होता. तोच मी उभा कापला. गवताच्या मुळांचा काळा थर एक असायला हवा होता, निघाले दोन. खालचा जमिनीचा. वरचा दुसरीकडून कापून आणून अलगद चढवलेला. खांब वीतभर वाढला, की खड्डा आपोआप वीतभर खोल, आणि मजुरीही तेवढी जास्त! ज्यांचे नाव एकाही कागदावर नाही, त्यांनी मुकादमाच्या नाकावर टिच्चून केलेली ही कारागिरी दीडशे पावसाळे टिकली. खात्याला मात्र तिथे मानवी हात आढळला नाही.

मामांनी घरी बोलावले.

“सही कर आणि मोकळी हो. ढेकळांपायी नोकरीची माती करशील.”

“ढेकळं ओळखायला तुम्हीच शिकवलंत, मामा.”

“तेव्हा ऐकायचीस तू.”

“तेव्हा तुम्ही जागेवर यायचात.”

“आताही गेलो होतो!”

“कधी हो?” चहा ओतता ओतता मामी म्हणाल्या. “महिनाभर खुर्चीतून उठला नाहीत. गुडघा शेकून शेकून माझे हात भाजले.”

मामा कपात इतके खोल पाहू लागले, की तिथेही काही उत्खनन चालले असावे.

मी सही न करताच निघाले आणि, जागेवर न जाता त्यांच्या तक्त्यात उंची आली कुठून हे शोधायला, थेट अभिलेखागार गाठले. सही अडल्यामुळे खात्याने ठेवलेल्या सुनावणीच्या दिवशी तिथल्या एका कागदाची प्रत माझ्या हातात होती.

“विसावा उंचवटा किती उंच?” मी अध्यक्षांसमोर विचारले.

“एक मीटर चाळीस,” मामा म्हणाले. “तक्त्यात आहे.”

“तक्त्यात आहे, जागेवर नाही. नांगर चालवताना शेजारच्यांनी पाच खांब कधीचेच काढून टाकले. मी मोजले, एकोणीस भरले. जे नाहीत त्यांची उंची तुम्ही कशानं मोजलीत?”

चोवीसच्या चोवीस खांब एकाच कागदावर आहेत: रेल्वेच्या मूळ नकाशावर. मामांच्या तक्त्यातली प्रत्येक उंची तीच, फक्त फुटांचे मीटर केलेले. आणि नकाशाच्या तळाशी ठळक टीप: ‘खणलेल्या मातीच्या मोजमापासाठी राखलेले खांब.’ ज्या कागदावरून त्यांनी आकडे उतरवले, तोच कागद त्यांना खोटे पाडत होता.

मी प्रत टेबलावर ठेवली. कोरी जागा कोरीच राहील, हेही सांगितले. अध्यक्षांनी सपाटीकरण रद्द केले आणि मामांचा जबाब मागितला. इतिवृत्तातला तो जबाब स्वल्पविरामही न हलवता देते:

“जागेवर गेलो नाही. आकडे नकाशावरून घेतले. खालची टीप वाचली होती, पण ती मानली असती तर जागेवर जावे लागले असते. नकाशा भाचीला दाखवला नाही, कारण ती जागेवर गेली असती.”