मला धरून नऊ

मी कड्यावरच्या पाळण्याचा डबा बोलतोय. हो, तोच लाल डबा, ज्याच्या काचेला नाक लावून तुम्ही आत डोकावता आणि "आत काहीच नाहीये गं" म्हणून पुढे निघून जाता. आत मी असतो. दाराला साखळी, चाकांखाली लाकडी ठोकळे आणि समोर लोखंडी गज. सहा वर्षं झाली, मी तसूभरही हललेलो नाही.

तशी जागा झकास मिळाली आहे. ज्यासाठी लोक लांबून या गावाला येतात ते सगळं इथून एका नजरेत दिसतं. समुद्रात आत गेलेला लाकडी धक्का, त्याच्या टोकाचा घुमट, बँडवाल्यांचा आठकोनी मंडप, गरम खाऱ्या पाण्याची जुनी स्नानगृहं. पण एकच देखावा किती दिवस बघायचा? तुम्ही दुसऱ्या दिवशीच फोनमध्ये डोकं घालता, मला तीही सोय नाही.

माझा जन्म बग्ग्या बनवणाऱ्या कारखान्यात झाला. त्या काळी डॉक्टर औषधाबरोबर समुद्राची हवा लिहून द्यायचे. हॉटेलं होती कड्यावर आणि हवा होती खाली किनाऱ्यावर. मधे अडीचशे पायऱ्या. हवा खायला उतरलेला माणूस चढून येईपर्यंत पुन्हा आजारी पडायचा. म्हणून हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन कड्यावरून किनाऱ्यापर्यंत रुळांवर चालणारा पाळणा बांधायचं ठरवलं. एकाच झाडाच्या फळ्यांतून मला आणि माझ्या जुळ्या भावाला घडवलं. सुतार मोठा चोखंदळ. प्रत्येक बाकावर स्वतः बसून बघायचा आणि कमरेला जरा जरी टोचलं की रंधा घ्यायचा.

आम्हा दोघांना एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलं. दोर वर एका मोठ्या चाकावरून गेलेला. मी वर, तर तो खाली. तो वर, तर मी खाली. इंजिन नाही, वीज नाही, सगळा कारभार पाण्यावर. आमच्या बाकांखाली टाकी असते. वर असलेल्या डब्याच्या टाकीत झऱ्याचं पाणी भरायचं. तो जड झाला की खाली जातो आणि दुसऱ्याला वर ओढतो. खाली पोचला की पोटातलं पाणी सोडून द्यायचं. लोक आयुष्यात एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतात आणि जन्मभर हळहळतात. मी ते दिवसातून वीस वेळा करायचो.

जुळा भाऊ मला भेटायचा तो फक्त वाटेत, मधोमध, जिथं दोन्ही रूळ शेजारी येतात. हात लांब केला तर पोचेल एवढं अंतर. तेवढ्यात तो निघून जायचा. मजा माणसांची. रस्त्यात समोरून आलं तर एकमेकांकडे ढुंकून न बघणारी मंडळी, पण दोन डबे शेजारून गेले की हात हलवहलवून निरोप द्यायची, जणू सख्खे नातेवाईक परदेशी निघालेत. ज्या बाईनं मघाशी हॉटेलात जागेवरून भांडण केलं, तिलाच हात करताना मी पाहिलंय.

कितीतरी माणसं नेली. शालीत गुंडाळलेले रोगी, नवी जोडपी, बँडमधला तो भलामोठा भोंगा आणि त्याच्यामागे न दिसणारा वादक. पुढे डॉक्टर हवा लिहून द्यायचे बंद झाले, हॉटेलवाले थकले, पाळणा नगरपालिकेकडे गेला. माझा रंग तीनदा बदलला. काम तेच राहिलं, आणि बांधलेपणही तेच.

आता त्या दोन भावांचं सांगतो, कारण मी बोलायला बसलोय ते त्यांच्यासाठीच.

त्यांचे वडील पाळण्याचे ब्रेकवाले. ते गेल्यावर थोरला वरच्या खोलीत आला. पाणी भरायचं काम त्याचं आणि ब्रेकही त्याच्याच हातात. खालच्या तिकीट-खिडकीवर माणूस हवा होता. धाकट्यानं तेव्हा बोटीवर कामाला जायचं पक्कं केलं होतं, ट्रंकसुद्धा भरली होती. थोरल्यानं त्याला न विचारता त्याचं नाव अर्जात घातलं आणि नेमणूक होऊनही आली. भांडण माझ्यासमोर झालं, खालच्या फलाटावर.

"मला विचारलंस का, दादा?"

"त्यात विचारायचं काय? घरचंच काम आहे."

"घरचं तुझं. माझं नाही."

आई आजारी होती, घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं, धाकटा राहिला. पण त्या दिवसापासून त्यानं भावाशी अबोला धरला, तो बावीस वर्षं. पुढे आईही गेली, तरी तो त्याच खिडकीत बसून राहिला. खिडकीतून दिवसभर बोटी दिसायच्या. मला दोर तरी दिसतो. त्याला कशानं बांधलं होतं ते मला कधी नीट कळलं नाही, पण बांधलेला तो माझ्याइतकाच होता. पोटात खूप राग असलेला माणूस इतका शांतपणे तिकीट फाडतो, हे मी त्याच्यामुळे पाहिलं.

काम मात्र चोख व्हायचं, कारण कामाला बोलणं लागतच नव्हतं. खालून जितकी माणसं बसतील तितके टोले धाकटा घंटेवर द्यायचा. वर थोरला टाकीच्या मोजपट्टीवरची माणशी एक खूण धरून पाणी भरायचा. डबा वर पोचला की उतरलेली माणसं मोजून तितकेच टोले परत. ती पोच. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना सांगितलं ते एवढंच: पाच, सहा, तीन, आठ.

एकदा धाकट्याला ताप होता. टोले मवाळ पडले असणार. पुढच्या फेरीला थोरल्यानं माझ्या बाकावर औषधाची बाटली ठेवली. चिठ्ठी नाही, काही नाही. चार दिवसांनी बाटली रिकामी, स्वच्छ धुऊन वर आली. त्या बाटलीनं बाकाखाली गडगडून माझा जीव खाल्ला, पण मी कुरकुरलो नाही.

मग तो दिवस आला. हंगाम संपत आलेला, झऱ्याची धार बारीक झालेली. थोरला पाणी अगदी मोजून भरायचा, खुणेच्या वर थेंब नाही. दुपारी खाली चहाची गाडी लावणारी बाई धाकट्याला म्हणाली, "काय हो, भावाला पोचवायला जाणार नाही? आज नोकरीचा शेवटचा दिवस ना त्यांचा. चारच्या बसनं लेकीकडे चाललेत. कायमचे."

धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? घंटेवर ते सांगता येत नाही.

सव्वातीन झाले होते. पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता, त्याला दमा. माझ्यात आठ माणसं बसली होती. त्यानं सवयीनं आठ टोले दिले, खिडकी लावली, आणि रोज बाहेरून लावायचं माझं दार त्या दिवशी आत येऊन लावलं. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा माझ्यात बसला.

आम्ही निघालो. आमचा कडा वर सरळ उभा आणि खाली जरा निवांत आहे. त्यामुळे वरून सुटलेला डबा आधी जोरात येतो, मग मंदावतो. पाणी कमी असेल तर तिथंच फसतो. तसंच झालं. मधोमध, जुळा भाऊ शेजारी आला आणि आम्ही दोघंही थांबलो. ब्रेक कर्रकन लागला. एरवी क्षणभर भेटणारा तो, आज समोर ठाण मांडून उभा. मला आनंद व्हायला हवा होता. पण पोटात माणसं घाबरलेली असली की आनंद होत नाही.

वरून थोरल्याचा आवाज आला, पितळी कर्ण्यातून. "खाली कितीजण आहात?"

धाकट्याला ओरडायला दम नव्हता. तो कसाबसा म्हणाला, "आठ." दाराजवळ एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, आवाज वर्गभर पोचणारा. त्यांनी तो निरोप वर पाठवला. "आठ!"

"आठ असते तर वर आले असते! नीट मोजा!"

बाईंनी बोट नाचवत सगळ्यांना मोजलं. बोट धाकट्यापाशी येऊन थांबलं. "अहो, तुम्ही स्वतःला मोजलंत का?"

मोजलंच नव्हतं. बावीस वर्षं तो दुसऱ्यांना मोजत आला. स्वतःला त्यात धरायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"सांगा त्याला," तो हळूच म्हणाला, "मला धरून नऊ."

बाईंनी शब्द न शब्द वर पोचवला. "मला धरून नऊ!"

"तुम्ही कोण?"

"मी नाही हो! तुमचा भाऊ!"

खाली किनाऱ्यावर माणसं थांबून वर बघायला लागली होती. मग वरून आवाज आला, "छोट्या? तू आत काय करतोयस?"

पन्नाशीच्या माणसाला छोट्या म्हटल्यावर माझ्यातलं नवं जोडपं खुदकन हसलं. धाकटा नाही हसला. "विचारा त्याला," तो बाईंना म्हणाला, "मला न विचारता माझं नाव का घातलंस?"

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तेही वर पाठवलं, पण या वेळी आवाज जरा खाली आणून.

थोरला कर्णा तोंडापासून दूर करायला विसरला असावा, कारण त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग तो बोलला, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या गावानं ते ऐकलं. "घरचं काम वगैरे काही नव्हतं रे. तू गेला असतास तर मी इथं एकटा पडलो असतो. मला भीती वाटली. चुकलं माझं."

धाकट्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. समोर माझा रिकामा जुळा भाऊच होता, त्यामुळे बघायला काहीच नव्हतं, तरी तो बघत राहिला.

मग कामाचं बोलणं झालं. एका माणसानं पलीकडच्या डब्यात जायचं, म्हणजे तो जड होऊन उतरेल आणि मी चढेन. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या लठ्ठ गृहस्थांकडे पाहिलं. मला विचाराल तर त्यांना दीड माणूस धरायला हवं होतं.

"माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले, "माझं हृदय नाजूक आहे."

"मीच जातो," धाकटा म्हणाला. "माझ्यामुळे अडकलंय."

शिक्षिकाबाई त्याचा हात धरून म्हणाल्या, "अहो पण तुम्हाला वर जायचं होतं ना? पलीकडचा डबा खाली जाणार."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याला सांगा, बस चुकवू नकोस. लेक वाट बघत असेल."

त्यानं माझं दार उघडलं, पाय लांब टाकला आणि पलीकडे गेला. मी हलका झालो. जन्मभर माणसं उतरली की मला बरं वाटायचं, त्या दिवशी नाही वाटलं. जुळा भाऊ त्याला घेऊन खाली निघाला आणि मी बाकीच्यांना घेऊन वर. काचेतून तो मला दिसत होता, बाकावर सरळ बसलेला, हात गुडघ्यांवर.

वर थोरल्यानं दार उघडलं. एकेकाचा चेहरा बघत त्यानं माणसं उतरवली. आठ. त्याचे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरणं त्याच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं आणि ब्रेक धरायला दुसरं कोणी नव्हतं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. तो घंटेपाशी गेला आणि पोच दिली. मी मोजली. नऊ टोले. मग त्यानं ब्रेकला कुलूप घातलं, माझ्या दारावर एकदा हात ठेवला आणि पिशवी उचलून गेला.

त्यानंतर चौकशी झाली, माणसं अधांतरी अडकली म्हणून पाळणा बंद झाला. मग आम्हाला वारसा म्हणून जाहीर केलं. वारसा झालं की मोडताही येत नाही आणि चालवताही येत नाही, रंगाचा पोपडासुद्धा परवानगीशिवाय पडता कामा नये. मी वर, जुळा खाली. दोर अजून ताणलेला आहे. जोराचा वारा सुटला की जुळा खाली हलतो आणि ते मला इथं कळतं.

धाकटा रोज संध्याकाळी खालच्या बाकावर येऊन भावाला फोन लावतो. हल्ली दम्यावर बरीच औषधं घेतो म्हणे, आवाज इतका चढलाय की मला वरपर्यंत ऐकू येतो. "दादा, जेवलास का? गुडघ्याला काय लावतोस?" बोटीवर जायचं वय निघून गेलं, दादाकडे जायला प्रवास झेपत नाही. समोरासमोर भेट अजून झालेली नाही.

मागच्या महिन्यात माझ्याशेजारी नवी पाटी लावली. गावातली प्रेक्षणीय स्थळं, माझी लांबी, रुंदी, टाकीत किती पाणी मावतं, सगळं सुरेख अक्षरात. शेवटची ओळ अशी: "पाळण्याच्या अखेरच्या फेरीत आठ प्रवासी होते." तिकिटं आठच फाटली होती, त्यावरून लिहिलं असणार.

मला पुन्हा चालवा असं मी म्हणत नाही. साखळी काढा असंही म्हणत नाही, तिची सवय झाली आहे. पण तुमच्यापैकी कोणाची नगरपालिकेत ओळख असेल तर तेवढा आकडा बदलून घ्या. नववा माणूस पुन्हा मोजायचा राहून गेलाय, आणि या वेळी ओरडून सांगायला माझ्यात शिक्षिकाबाई नाहीत.