वळणावर पाणी किती?

नदी-सर्व्हे कचेरीच्या खिडकीशी नणंद येऊन उभी राहिली, तेव्हा आत बसलेल्या भावजयीने मानही वर केली नाही.

"नवा नकाशा हवाय."

"रांगेत या."

"रांगेत मी एकटीच आहे."

दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य साऱ्या धक्क्याला ठाऊक होतं. नणंद खडीची बार्ज चालवायची आणि तिचा धाकटा भाऊ इंजिन सांभाळायचा. मागच्या वर्षी बार्ज गाळात रुतली, तेव्हा त्याच भावाच्या बायकोने अहवाल लिहिला: चूक चालकाची. नणंदेचा परवाना हंगामभर अडकला. तेव्हापासून भाऊ दोन्ही घरी जेवायचा आणि दोन्हीकडे त्याला टोमणेच वाढले जायचे.

भावजयीने नकाशा उलगडला. मोठ्या वळणाच्या जागी नुसत्या तुटक रेघा होत्या.

"पुरानंतर इथे पात्र सरकलंय. मोजणी चालू आहे. तोवर वळण बंद."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणूनच तुटक काढलंय, वन्सं."

"पगार मात्र अखंड घेता!"

नणंद तरातरा निघाली ती थेट धक्क्यामागच्या दुकानात. तिथे त्याच नदीचा गुळगुळीत, रंगीत नकाशा टांगलेला होता. वळणातून ठसठशीत निळी रेघ गेलेली.

"ताजा आहे ना?"

"अगदी ताजा, ताई. शाईसुद्धा वाळली नाही," दुकानदार म्हणाला.

सकाळी भावाने नकाशा पाहिला आणि मान खाजवली. "ताई, ही म्हणते वळण बंद आहे."

"तुझी 'ही' मला घरी बसवायला टपलीय. तू इंजिन बघ."

वळणाच्या तोंडाशी निळ्या रेघेप्रमाणे नणंदेने उजवा काठ धरला. पाणी गढूळ, वर वर शांत. पण खोली दाखवणाऱ्या यंत्रावरचा आकडा उतरायला लागला, आणि उतरतच राहिला. पुढे सर्व्हेची लाँच नांगर टाकून उभी होती. डेकवर भावजय, तोंडाला कर्णा लावून.

"उजवीकडे पाणी नाही! डावा काठ धरा!"

दुकानाच्या नकाशात डाव्या काठाला खडक छापले होते. भाऊ धावत वर आला. "काय म्हणतेय ती?"

"मला खडकावर जा म्हणतेय."

खडीने भरलेली बार्ज. मागून प्रवाह रेटत होता. थांबायचं म्हटलं तरी थांबता येणार नव्हतं. नणंदेच्या ओठांवर शिवी आली आणि तिथेच राहिली. ही बाई कुजकी होती, हट्टी होती, सरळ म्हणून कधी बोलायची नाही. पण न मोजलेलं पाणी मोजलं म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीचा अहवालही खोटा नव्हता. नणंदेला सलत होतं ते तेच.

तिने सुकाणू गरकन डावीकडे फिरवलं. बार्जचा मागचा भाग वाळूला घासला, सगळी बार्ज थरथरली, इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याने चिखल उपसला. भाऊ कठड्याला घट्ट धरून उभा राहिला. मग एकदम घासणं थांबलं. खाली पाणी होतं, भरपूर. खडक कुठेच नव्हते.

लाँचजवळून जाताना कर्णा पुन्हा वाजला. "कानात बोळे घातलेत का?"

"आधी नीट ओरडायला शिक!" नणंद केबिनच्या खिडकीतून किंचाळली.

भावजयीने बंद पात्रात शिरल्याचा अहवाल दिलाच. चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला इशारा मिळाला होता?"

सगळं दुकानदारावर ढकलता आलं असतं. कचेरीने काही सांगितलंच नाही, असंही म्हणता आलं असतं.

"मिळाला होता. आधी खिडकीवर, मग वळणावर."

परवाना पुन्हा अडकला. दुकानातले ते नकाशेही जप्त झाले.

जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, तर माझी नोकरी गेली असती," भावजय म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही बोलले."

"ठाऊक आहे." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "रविवारी जेवायला येता का, असं विचारायला सांगितलंय यांनी."

"तू विचारतेयस का?"

"नाही."

"मग येत नाही."

खाली भाऊ मोटारसायकल चालू करून उभा होता. दोघींपैकी कुणीच मागे बसलं नाही.